दोन शेजारी देशांच्या वणव्यांतला कार्बन कसा तोलायचा: ठाण्यात बसून करता येईल अशी पद्धत

मार्च उजाडला की येऊर, पारसिक आणि खारघरच्या डोंगरांवर रात्री आगीची वाकडी रेघ दिसू लागते. त्याच सुमारास फोनवर लाल ठिपक्यांचे नकाशे फिरू लागतात आणि सोबत एखादं ठोक विधान येतं: अमुक देशाने तमुक देशापेक्षा इतक्या पट कार्बन हवेत सोडला. ठिपके बहुधा खरे असतात. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र बऱ्याचदा टिकत नाही.

पर्यावरणाचा प्रकल्प म्हणून हा विषय घेणारी इथल्या कॉलेजांतली मुलं भेटतात, तेव्हा त्यांना मी जे सांगतो तेच इथे सविस्तर मांडतो आहे. लॅपटॉप, इंटरनेट, एक्सेल आणि क्यूजीआयएस हे फुकटचं नकाशा-सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागतं. सरावासाठी जोडी घेऊ कॅनडा आणि अमेरिकेची, वर्ष २०२३, कारण दोन्हीकडची आकडेवारी उघड आहे आणि फरक ठसठशीत आहे. मग भारत-नेपाळकडे वळू. ती जोडी आपल्या जवळची आहे, पण जास्त अवघड.

आधी हे आकडे बघा. २०२३ मध्ये अमेरिकेत ५६,५८० वणव्यांची नोंद झाली, कॅनडात साडेसहा हजारांच्या आसपास. नुसती संख्या मोजली तर अमेरिका आठपटीहून पुढे. पण जळलेलं क्षेत्र अमेरिकेत २६,९३,९१० एकर, म्हणजे सुमारे १०.९ लाख हेक्टर, आणि कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर. आता कॅनडा जवळजवळ चौदा पट पुढे गेला. कार्बन मोजला की हे प्रमाण पुन्हा बदलतं. किती बदलतं, ते गणितात येईलच.

पायरी १: प्रश्न कागदावर लिहा

“वणव्यांमुळे कुणाचं उत्सर्जन जास्त?” हा प्रश्न मोघम आहे. त्याचं उत्तर शोधायला बसण्याआधी चार गोष्टी लिहून ठेवा. फक्त जंगल मोजायचं, की गवताळ माळ आणि शेतातला पेंढाही? आपोआप लागलेली किंवा हाताबाहेर गेलेली आगच, की वनखात्याने मुद्दाम लावलेली नियंत्रित आगही? नुसता कार्बन डायऑक्साइड, की मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही? आणि कालावधी कोणता?

कालावधीचा मुद्दा मुलं हमखास उडवून लावतात. कॅनडासाठी कॅलेंडर वर्ष ठीक आहे, कारण तिथला वणवा उन्हाळ्यातला. आपल्याकडे डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण नोव्हेंबर ते जून असा हंगाम धरतं. कॅलेंडर वर्ष घेतलंत तर एकाच हंगामाचे दोन तुकडे होतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या आगी भलत्याच वर्षात जाऊन बसतात.

आणखी एक निवड इथेच करायची: ढोबळ उत्सर्जन मोजायचं की निव्वळ. येऊरचं गवत मार्चमध्ये जळलं तरी सप्टेंबरपर्यंत पुन्हा कमरेएवढं वाढतं, म्हणजे हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड बराचसा परत येतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय हवामान समिती आयपीसीसीच्या प्राथमिक पद्धतीत गवताच्या आगीतला कार्बन डायऑक्साइड जमेस धरत नाहीत. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र धरतात. कॅनडातलं जळालेलं स्प्रूसचं जंगल पूर्ववत व्हायला कित्येक दशकं लागतात. इंडोनेशियातली पीट, म्हणजे हजारो वर्षं साचलेली दलदलीची माती, एकदा जळली की माणसाच्या आयुष्यात भरून येत नाही. पहिल्या तुलनेसाठी ढोबळ उत्सर्जन घ्या, पण तसं स्पष्ट लिहा.

पायरी २: एककाचा गोंधळ आधीच मिटवा

कार्बन आणि कार्बन डायऑक्साइड या दोन वेगळ्या राशी आहेत. कार्बनच्या आकड्याला ४४ भागिले १२, म्हणजे ३.६७ने गुणलं की कार्बन डायऑक्साइड मिळतो. युरोपच्या कोपर्निकस वातावरण सेवेने २०२३ मधलं कॅनडाच्या वणव्यांचं उत्सर्जन सुमारे ४८० मेगाटन कार्बन असं दिलं. तेवढा सगळा कार्बन डायऑक्साइडच्या रूपात गेला असं धरलं तर आकडा १७६ कोटी टनांवर जातो. एका देशाचा आकडा कार्बनमध्ये आणि दुसऱ्याचा कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवून केलेल्या तुलना मी पाहिल्या आहेत. त्यात पावणेचार पटींची चूक चुपचाप बसून राहते.

मेगाटन म्हणजे दहा लाख टन, टेराग्रॅम म्हणजेही तेच, पेटाग्रॅम म्हणजे शंभर कोटी टन. एकरचे हेक्टर करताना २.४७ने भागा. एक्सेलमध्ये प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एकक लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी ३: सूत्र समजून घ्या, तेही घराजवळच्या डोंगरावर

साइलर आणि क्रुट्झन यांनी १९८० साली मांडलेलं सूत्र आजही पाया म्हणून वापरलं जातं. आयपीसीसीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेतही त्याचंच रूप आहे. उत्सर्जन म्हणजे चार राशींचा गुणाकार: किती हेक्टर जळलं, हेक्टरी किती टन सुकं जळण होतं, त्यातला किती हिस्सा प्रत्यक्ष जळला, आणि जळलेल्या प्रत्येक किलोमागे कोणता वायू किती ग्रॅम निघाला.

या चारपैकी शेवटची रास सगळ्यात कमी त्रास देते. आयपीसीसीच्या तक्त्यात गवताळ माळासाठी किलोमागे १,६१३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आहे, उष्ण कटिबंधातल्या जंगलासाठी १,५८०, आणि त्याबाहेरच्या जंगलासाठी १,५६९. फरक किरकोळ. खरा खेळ मधल्या दोन राशींचा आहे, आणि तो आकड्यांत वाचण्यापेक्षा हाताने तोलून जास्त कळतो.

त्यासाठी ओळखीच्या कुणाच्या मालकीचा माळ किंवा सोसायटीमागचा गवताळ प्लॉट बघा. राष्ट्रीय उद्यानात किंवा वनजमिनीवर परवानगीशिवाय काहीही गोळा करू नका. आणि प्रयोगासाठी म्हणून कुठेही काडी ओढू नका. राखीव जंगलात आग लावणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी सुतळीची चौकट टाका. आतलं सुकं गवत विळ्याने अगदी जमिनीलगत कापा, खालचा पालापाचोळा वेगळ्या पिशवीत भरा, माती झटका. गच्चीवर कडक उन्हात वाळवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत रोज तोला. असे नमुने वेगवेगळ्या जागी घ्या: उतारावर, सपाटीवर, झाडाखाली. झाडाखाली गवत कमी आणि सागाची पानं जास्त मिळतील. सागाच्या पानाचा थर पोकळ असतो, दिसतो ढीगभर आणि भरतो मूठभर. नुसत्या डोळ्यांनी अंदाज बांधला तर हमखास फसतो.

समजा, चौकटीमागे सरासरी ६०० ग्रॅम सुकं जळण भरलं. हेक्टरमध्ये दहा हजार चौरस मीटर, म्हणून हेक्टरी ६ टन. त्यातलं ८० टक्के जळतं असं धरलं तर ४.८ टन. त्याला १.६१३ने गुणलं की हेक्टरी पावणेआठ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड येतो.

आता आयपीसीसीच्या तक्त्यात उत्तरेकडच्या थंड, सूचिपर्णी जंगलाची ओळ काढा. तिथे नैसर्गिक वणव्यासाठी प्रत्यक्ष जळणारं वजन हेक्टरी ५२.८ टन दिलं आहे. आपल्या माळाच्या अकरा पट! म्हणून एक हेक्टर जळणं ही दोन देशांत एकच गोष्ट नसते. येऊरला आग जमिनीलगत पळते, पालापाचोळा आणि गवत खाते, ऐन आणि सागाचे बुंधे काळे करते, आणि जूनमध्ये त्याच झाडांना पालवी फुटते. कॅनडात ती शेंड्याला जाते, आणि कोरड्या वर्षी मुळांखालचा शेवाळ-पानांचा जाड थरही आठवडेच्या आठवडे धुमसत राहतो.

पायरी ४: माहिती कुठून घ्यायची

तीन वाटा आहेत. तिन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात.

पहिली वाट ठिपक्यांची. नासाच्या फर्म्स या संकेतस्थळावर उपग्रहांनी टिपलेली उष्णतेची ठिकाणं मिळतात. मोडिस उपकरणाचा एक ठिपका साधारण एक किलोमीटरचा, तर व्हीर्स उपकरणाचा ३७५ मीटरचा. व्हीर्सला लहान आग दिसते, म्हणून ठिपके जास्त येतात. त्याची माहिती २०१२ पासूनची आहे, आणि पुढे तेच उपकरण घेऊन आणखी दोन उपग्रह वर गेले. त्यामुळे २००८ चे मोडिसचे ठिपके आणि २०२४ चे तीन उपग्रहांचे ठिपके शेजारी ठेवून “वणवे वाढले” म्हणणं म्हणजे निव्वळ धूळफेक. एकच आग दोन दिवस चालली तर दोनदा मोजली जाते, मोठी असेल तर एकाच वेळी शंभर ठिपके देते. उलट दुपारी चारला लागून सहाला विझवलेली आग उपग्रहाला दिसतही नाही, कारण व्हीर्सची फेरी साधारण दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास असते.

दुसरी वाट जळलेल्या क्षेत्राची. मोडिसवर आधारलेलं मासिक क्षेत्रफळ ५०० मीटरच्या चौकटींत मिळतं. त्यावर सूत्र लावून केलेला उत्सर्जनाच्या आकड्यांचा तयार साठा (डेटासेट) म्हणजे जीफेड. त्याची चौकट पाव अंशाची, बाजू साधारण २७ किलोमीटर, म्हणजे ठाण्यापासून पनवेलपर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर. त्याच्या पाचव्या आवृत्तीत लहान आगीही जमेस धरल्या आहेत. त्यामुळे २००१ ते २०२० या काळातलं जगभरातलं वार्षिक जळलेलं क्षेत्र ७७.४ कोटी हेक्टरवर गेलं, मोडिसच्या आकड्यापेक्षा ६१ टक्के जास्त. म्हणजे आवृत्ती बदलली तरी जग बदलल्यासारखं दिसतं. दोन्ही देशांना एकच आवृत्ती लावा.

तिसरी वाट उष्णतेच्या तीव्रतेची. कोपर्निकसची जीफास प्रणाली आगीतून बाहेर पडणारी उष्णता मोजते आणि त्यावरून किती जळलं ते काढते. वूस्टर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की आगीतून किरणोत्सर्गाने निघणाऱ्या दर मेगाज्यूल ऊर्जेमागे सुमारे ०.३६८ किलो जळण खपतं; ही कल्पना त्याच जातीची. जीफासची चौकट ०.१ अंशाची आणि माहिती २००३ पासूनची.

ग्लोबल फॉरेस्ट वॉचवर “आगीमुळे गेलेलं वृक्षाच्छादन” असाही आकडा मिळतो. देखणा तक्ता, एका क्लिकवर देशांची तुलना, म्हणून सगळे तिकडे धावतात. पण तो मोजतो झाडांचं छत्र जाणं. आपल्याकडच्या जमिनीलगतच्या आगीत छत्र जातच नाही. येऊर दर वर्षी जळलं तरी त्या आकड्यात जवळजवळ काही उमटणार नाही. भारतासाठी तो आकडा उत्सर्जनाऐवजी वापरू नका.

पायरी ५: भलत्या आगी बाजूला काढा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात जास्त लोक हीच गाळतात. फर्म्सवरून ठाणे, रायगड आणि मुंबईचे एप्रिल-मेचे ठिपके उतरवा आणि एकेकावर बोट ठेवून विचारा, ही कसली आग?

काही ठिपके डोंगरावर असतील, ते वणवे. काही ट्रॉम्बे, उरणकडे तेल आणि वायूच्या कारखान्यांवर दिसतील. तिथे जळणाऱ्या वायूची ज्योत उपग्रहाला वणव्यासारखीच गरम दिसते. काही चक्क अरबी समुद्रात, मुंबई हायच्या फलाटांवर. एखाद्या वर्षी डंपिंग ग्राउंडवरही. जानेवारी २०१६ मधली देवनारची आग तर उपग्रहाच्या छायाचित्रांत धुराच्या पट्ट्यासकट दिसली होती. आणि शहापूर-मुरबाडकडे मे महिन्यात शेतांत दिसतील ते राबाचे. भाताची रोपं टाकण्याआधी शेतकरी वाफ्यावर शेण, पाला, गवत पसरून भाजतो. त्याला वणवा म्हणून मोजलंत तर शेतकऱ्यावरही अन्याय आणि गणितावरही.

फर्म्सच्या जुन्या, तपासलेल्या माहितीत “टाइप” नावाचा रकाना असतो. ० म्हणजे झाडझाडोऱ्याची आग, १ ज्वालामुखी, २ जमिनीवरचा कायमचा उष्ण स्रोत, ३ समुद्रातला. ताज्या माहितीत हा रकाना नसतो, म्हणून तुलनेसाठी नेहमी जुनी माहिती उतरवा. ० निवडलं की कारखाने गळतील, पण राब राहील. तो काढायला जमीन-वापराचा नकाशा लागतो. युरोपीय अवकाश संस्थेचा वर्ल्डकव्हर हा १० मीटरचा नकाशा क्यूजीआयएसमध्ये उघडा आणि शेतजमिनीवर पडलेले ठिपके वेगळ्या गटात टाका. फेकू नका, वेगळे ठेवा.

आपल्या जिल्ह्यात हे एकदा केलंत की मग परदेशात काय शोधायचं ते कळतं. अमेरिकेचा २६.९ लाख एकरांचा आकडा फक्त वणव्यांचा आहे. फ्लोरिडा, जॉर्जियाकडे जंगलाखालचा पालापाचोळा दर वर्षी मुद्दाम, ठरवून जाळतात. तो या आकड्यात नाही, पण उपग्रहाला दिसतो. सरकारी क्षेत्रफळ आणि उपग्रहाचं उत्सर्जन एकत्र वापरणाऱ्याची गडबड इथेच होते.

पायरी ६: आता गणित

कॅनडासाठी क्षेत्र दीड कोटी हेक्टर. हंगाम चालू असताना जाहीर होणारा आकडा १८० लाख हेक्टरांच्या पुढे गेला होता. नंतर आगीच्या घेरातले न जळलेले तुकडे वजा केल्यावर तो उतरला. ताज्या बातमीतला आकडा उचलू नये तो यासाठीच.

दीड कोटी गुणिले ५२.८ टन म्हणजे ७९.२ कोटी टन सुकं जळण. गुणिले १.५६९ म्हणजे सुमारे १२४ कोटी टन कार्बन डायऑक्साइड.

अमेरिकेसाठी सरावापुरतं धरू की निम्मं जंगल आणि निम्मं झुडपी-गवताळ रान जळलं. हे गृहीतक आहे. खऱ्या कामात वर्ल्डकव्हर किंवा तत्सम नकाशावर जळलेलं क्षेत्र टाकून हा वाटा काढायचा. समशीतोष्ण जंगलातल्या वणव्यासाठी तक्त्यात हेक्टरी १९.८ टन, झुडपांसाठी १४.३ टन. जंगलातून सुमारे १.६९ कोटी टन, झुडपांतून १.२६ कोटी टन, बेरीज २.९५ कोटी टन कार्बन डायऑक्साइड.

क्षेत्रात चौदा पट असलेला कॅनडा उत्सर्जनात बेचाळीस पटींवर गेला.

थांबा, एवढ्यात मथळा करू नका. त्याच तक्त्यात “सर्व प्रकारच्या आगी” अशीही सरासरी आहे: थंड जंगलासाठी ४१ टन आणि समशीतोष्ण जंगलासाठी ५०.४ टन. ती वापरली तर कॅनडा ९६.५ कोटी टन, अमेरिका ५.५७ कोटी टन, आणि गुणोत्तर फक्त सतरा. तक्ता एकच, पान एकच, ओळ बदलली आणि बेचाळीसचे सतरा झाले. या सरासरीत लाकूडतोडीनंतर उरलेला काडीकचरा जाळण्याच्या आगी मिसळलेल्या आहेत आणि त्या हेक्टरी खूप जास्त जळण खातात. आपण वणवे मोजतोय, म्हणून पहिलीच ओळ योग्य. तरीही ५२.८ या आकड्यासोबत दिलेली अनिश्चितता जवळजवळ त्या आकड्याएवढीच आहे हे डोळ्यांआड करू नका.

मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड जमेस धरायचे असतील तर किलोमागे ४.७ आणि ०.२६ ग्रॅम घ्या. आयपीसीसीच्या पाचव्या अहवालातल्या तापमानवाढ-क्षमतेने (तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो तो आकडा), म्हणजे अनुक्रमे २८ आणि २६५ने गुणा. १,५६९ ग्रॅमवर साधारण २०० ग्रॅमची भर पडते, म्हणजे तेरा टक्के वाढ. निकाल उलटवण्याएवढी ही रास नाही. तीवर वेळ घालवण्यापेक्षा हेक्टरी जळणावर घालवा.

पायरी ७: वरून तपासा

आपण केलं ते खालून वर रचलेलं गणित. त्याला वरून ताडून बघायचं. आपल्या कॅनडाच्या ७९.२ कोटी टन जळणातून कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेन या तिन्हींत मिळून किलोमागे सुमारे ४७७ ग्रॅम कार्बन जातो, म्हणजे एकूण ३७.८ कोटी टन कार्बन. जीफासचा आकडा ४८ कोटी टन. ब्रेंडन बर्न आणि सहकाऱ्यांनी उपग्रहाने हवेत मोजलेल्या कार्बन मोनॉक्साइडवरून मे ते सप्टेंबर २०२३ साठी काढलेला आकडा ६४.७ कोटी टन, मर्यादा ५७ ते ७२.७, हा अभ्यास २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्या हिशेबाने त्या वर्षी कॅनडाच्या वणव्यांपेक्षा जास्त कार्बन खनिज इंधनातून सोडणारे देश तीनच होते: चीन, अमेरिका आणि भारत.

आपला आकडा कमी का? कारण तक्त्यातली सरासरी ही सरासरी वर्षाची. २०२३ साली कॅनडात उष्णता आणि कोरडेपणा असा होता की जमिनीचा सेंद्रिय थर खोलवर जळला. सूत्र चुकलेलं नाही, त्यात टाकलेलं जळण त्या वर्षाचं नव्हतं. अहवालात तिन्ही आकडे शेजारी ठेवा आणि हे कारण लिहा. एकच “बरोबर” आकडा निवडून बाकीचे लपवण्यापेक्षा हे कितीतरी जास्त उपयोगी.

जीफेडचे तयार आलेख वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. ते जगाचे चौदा विभाग करतात. “उत्तर अमेरिकेचा थंड प्रदेश” हा विभाग म्हणजे कॅनडा नव्हे. त्यात अलास्काही येतं, आणि अलास्का अमेरिकेचं. देशांची तुलना करायची तर देशाची सीमा टाकून चौकटी स्वतः मोजाव्या लागतात.

धुराबद्दलही इथेच सांगतो. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं होतं, पण आग क्वेबेकमध्ये होती. उत्सर्जन आग जिथे लागली त्या देशाच्या खात्यात जातं, धूर कुठेही जावो. हवेची गुणवत्ता हा वेगळा प्रश्न, त्याची वेगळी फाइल करा.

पायरी ८: कशाने भागायचं

एकूण आकडा मोठ्या देशाला नेहमीच दोषी ठरवतो. म्हणून भागाकार हवा. जळलेल्या प्रत्येक हेक्टरमागे उत्सर्जन काढलं तर आग किती खोल आणि किती भारी होती ते कळतं. एकूण वनक्षेत्राने भागलं तर जंगलावरचा ताण कळतो. दरडोई भागाकार मात्र वणव्यासाठी मला फारसा पटत नाही; विजेने पेटलेल्या निर्मनुष्य जंगलाचा कार्बन तिथल्या माणसांच्या डोक्यावर वाटून काय साधणार? कॅनडासुद्धा आपल्या राष्ट्रीय हिशेबात नैसर्गिक कारणांनी जळलेल्या जंगलाचं उत्सर्जन वेगळं दाखवतो. सरकारी अहवालांतले आकडे तुलनेला घेताना ही पाचर लक्षात ठेवा.

पायरी ९: भारत आणि नेपाळ

भारताचं वनाच्छादन २०२३ च्या वनस्थिती अहवालानुसार ७,१५,३४३ चौरस किलोमीटर. नेपाळच्या वनसर्वेक्षणातलं जंगल ५९.६ लाख हेक्टर, म्हणजे ५९,६०० चौरस किलोमीटर. बारा पटींचा फरक. पण जंगल म्हणजे काय, यावर दोघांचं एकमत नाही. भारत एक हेक्टरवरच्या, दहा टक्के छत्र असलेल्या कुठल्याही जमिनीला वनाच्छादन म्हणतो, मग ती आमराई का असेना. नेपाळमध्ये किमान आकार अर्धा हेक्टर आणि जमिनीचा वापरही बघतात. म्हणून भागाकारासाठी सरकारी आकडे सोडा आणि दोन्हीकडे वर्ल्डकव्हरसारखा एकच नकाशा वापरा.

ठिपक्यांच्या बाबतीत तोच न्याय. भारतीय वन सर्वेक्षणाने २०२३-२४ च्या हंगामात २,०३,५४४ ठिपके नोंदवले, पण त्यांची गाळणी त्यांची स्वतःची आहे. नेपाळचे ठिपके दुसऱ्या गाळणीतून आलेले असतील तर तुलना निरर्थक. दोन्हीकडचे फर्म्सवरून घ्या, एकच उपग्रह, एकच काळ, एकच गाळणी.

तराईत, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या सपाट पट्ट्यात, खरी कसोटी लागते. मार्च-एप्रिलमध्ये डोंगरात सालाचा पाला आणि चीडच्या सुया जळत असतात. उत्तराखंडात या सुयांना पिरूल म्हणतात. तेल असल्यासारख्या पेटतात. एप्रिल-मेमध्ये खाली सपाटीवर गव्हाचं काड जळतं. दोन्ही आगी एकाच महिन्यात, एकमेकींपासून काही किलोमीटरवर. त्यातच जीफेडची २७ किलोमीटरची चौकट उत्तर प्रदेशातल्या दुधवाच्या जंगलाला, सीमेपलीकडच्या जंगलाला आणि मधल्या शेतांना एकत्र पोटात घेते. नेपाळची उत्तर-दक्षिण रुंदी दोनशे किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे मोजक्याच चौकटी, आणि त्यातल्या दक्षिणेच्या सगळ्या ओळीवर सीमा चढलेली. अशी चौकट कुणाच्या तरी खात्यात अख्खी ढकलू नका. तिच्यातल्या जंगलाचा जेवढा भाग ज्या देशात, तेवढं उत्सर्जन त्या देशाला द्या. जमलं तर इथे जीफासची ११ किलोमीटरची चौकट वापरा.

जळलेल्या क्षेत्राचे नकाशे या पट्ट्यात कमी आकडा देतात, कारण छत्राखालची काळी जमीन वरून दिसत नाही आणि पुढच्या आठवड्यात गळलेली पानं ती झाकून टाकतात. म्हणून क्षेत्राच्या वाटेने आणि उष्णतेच्या वाटेने आलेले आकडे इथे एकमेकांपासून लांब जातील. ते तसे जाऊ द्या आणि दोन्ही छापा.

एकाच वर्षावर तर अजिबात विसंबू नका. २०२०-२१ च्या हिवाळ्यात नेपाळमध्ये पाऊस फारच कमी झाला, वसंतात वणवे भडकले आणि मार्च २०२१ च्या अखेरीस धुरामुळे शाळा चार दिवस बंद ठेवाव्या लागल्या. तेच वर्ष उचललं तर नेपाळ कायमचा बदनाम. निदान दहा हंगामांची सरासरी काढा आणि सगळ्यात वाईट हंगाम वेगळा दाखवा.

नकाशा छापणार असाल तर भारताची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच हवी. फुकट मिळणाऱ्या जागतिक सीमा-फाइली तशा नसतात. भारत-नेपाळ सीमावादातला लिपुलेख-कालापानीचा भाग बराचसा उंचावरचा असल्यामुळे वणव्याच्या आकड्यावर परिणाम नगण्य, पण छापलेल्या नकाशावर मात्र होईल.

पायरी १०: निकालाचं वाक्य

शेवटचं वाक्य लिहिताना आकडा, एकक, काळ, साठा आणि व्याख्या एकाच ठिकाणी बसवा. नमुना असा: “२०२३ मध्ये, केवळ वणव्यांचं क्षेत्र धरून, आयपीसीसीच्या प्राथमिक पद्धतीने काढलेलं कॅनडाचं ढोबळ कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन अमेरिकेच्या सतरा ते बेचाळीस पट येतं, जळलेलं क्षेत्र चौदा पट होतं, अमेरिकेच्या क्षेत्रातला जंगल आणि झुडपांचा वाटा निम्मा-निम्मा धरला आहे.” वाक्य लांबलचक होतं, मार्गदर्शक शिक्षक तोडायला सांगतील. दोन वाक्यं करा, पण त्यातला एकही शब्द गाळू नका.

फाइल जपताना तिच्या नावात साठ्याची आवृत्ती आणि उतरवल्याची तारीख घाला, आणि मूळ उतरवलेली प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये हात न लावता ठेवा. हे साठे मागच्या वर्षांसकट सुधारले जातात. सहा महिन्यांनी कुणी विचारलं तर तोच आकडा पुन्हा काढून दाखवायला ती प्रत लागेल.